तोंडाळ माणसं परवडतात

जालन्याची ओळख दोन गोष्टींनी होते, सळई आणि बियाणं. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये सळई वाकडी निघाली तर पाळी संपायच्या आत दिसते. आमच्या बियाण्याच्या धंद्यात तसं नाही. टोमॅटोच्या संकरित बियाण्यात भेसळ झाली असली तरी दाणा तोच, रंग तोच आणि वजनही तेच. खोट कळते ती काही महिन्यांनी, तो दाणा पेरून रोप वाढल्यावर. मधल्या काळात ती ठाऊक असते फक्त एका-दोघांना: जिच्या हातून ती झाली तिला आणि जिनं ती होताना पाहिली तिला. माझ्या नोकरीचा बराचसा काळ या एका-दोघींनी तोंड उघडावं म्हणून खटपट करण्यात गेला.

परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत बीजोत्पादनाच्या कामाला लागले. पुढं जाफराबाद, भोकरदन आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की देऊळगाव राजा, असा पट्टा माझ्याकडं आला. या भागात रस्त्याच्या कडेनं शेडनेटच शेडनेट दिसतात. दहा-वीस गुंठ्यांच्या त्या जाळीत मिरची, टोमॅटो, ढोबळी, काकडी अशा पिकांचं बियाणं तयार होतं. शेतकरी कंपनीशी करार करतो, कंपनी नर आणि मादी वाणाचं बी देते, आणि तयार बियाणं ठरल्या भावानं परत घेते. माझ्या हाताखाली होते पाच-सहा फील्ड असिस्टंट. त्यांच्यावर भरवसा ठेवणारे शेतकरी वेगळे, आणि त्या शेतकऱ्यांच्या नेटमध्ये क्रॉसिंग करणाऱ्या बायांच्या टोळ्या वेगळ्या. कागदावर टोळ्या माझ्या नव्हत्या. पण काम बिघडलं की ते माझंच होतं.

इथं हा धंदा रुजला त्याला साठ वर्षं झाली. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको सुरू केली. त्याआधी त्यांनी भेंडीच्या ‘पुसा सावनी’ वाणाचं बियाणं केलं होतं. 1998 साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, तेव्हा जालन्याचं नाव सगळीकडं गेलं. संकरित बियाण्याचं सगळं गणित मात्र तेव्हाही हातावर होतं आणि आजही हातावरच आहे. 1970 मध्ये गुजरातेत सी. टी. पटेल यांनी संकर-4 हा कपाशीचा वाण दिला, तो संकरित कापसाचा जगातला पहिला व्यापारी वाण. तो शक्य झाला याचं एक कारण असं की आपल्याकडं एकेक फूल हातानं उघडून त्यात दुसऱ्या झाडाचे पराग लावणारी माणसं होती. यंत्रावर चालणाऱ्या कामात माणसाचा स्वभाव थोडाफार खपून जातो. जिथं चिमटा हातात धरून हजारो कळ्या सोलायच्या असतात, तिथं माणसाचा स्वभाव थेट बियाण्यात उतरतो.

टोमॅटोच्या क्रॉसिंगचं काम असं चालतं. उद्या उमलेल अशी कळी आज दुपारनंतर निवडायची, चिमट्यानं तिचे पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडांच्या फुलांतून काढलेले, वाळवलेले पराग डबीत घेऊन त्या कळीला लावायचे. लावलं याची खूण म्हणून फुलाखालच्या दोन हिरव्या पाकळ्या कात्रीनं छाटायच्या. फळ पिकल्यावर ज्याच्या पाकळ्या छाटलेल्या नाहीत ते ‘सेल्फ’, ते बाजूला काढायचं. हे दीड-दोन महिने रोज चालतं. यात चोरटी चूक एकच. कळी जास्त वयाची झाली, पिवळीधमक उमलायला आली, की तिचे स्वतःचे पराग आतल्या आत सांडलेले असतात. नंतर तिला सोलून, वरून नराचे पराग लावून, पाकळ्या छाटल्या तरी बी स्वतःचंच धरतं. फळाला खूण असते आणि आत भेसळ असते. नेटमध्ये उभं राहून ही भेसळ कुणालाही ओळखता येत नाही, मलाही नाही.

या कामात मला भेटलेल्या माणसांपैकी पहिले नाना. सगळा पट्टा त्यांना नानाच म्हणायचा. मी शाळेत होते तेव्हापासून ते प्लॉट फिरत होते. पानाची कड, खोडाचा रंग, दोन पेऱ्यांतलं अंतर एवढ्यावरून वेगळं झाड ते लांबून ओळखत. त्यातही नर झाडांबद्दल ते फार कडक होते आणि त्यांचं बरोबर होतं. मादी ओळीत एखादं झाड भेसळीचं निघालं तर त्या एका झाडाची फळं जातात. नर ओळीत निघालं तर त्याचे पराग डबीत मिसळून शेकडो फळांत जातात. पण नानांची रीत अशी की शेतकऱ्याला न विचारता झाड उपटून बांधावर फेकायचं, आणि नवीन पोरानं एखादं झाड ओळखलं नाही तर चारचौघांत त्याची कॉलेजची डिग्री काढायची. कंपनीनं मोबाइलवर तपासणी भरायचा फॉर्म आणला, तो त्यांनी हातातही घेतला नाही. ऑफिसातून मला फोन यायचे: “तुमच्या त्या म्हाताऱ्याचं काय करायचं ते ठरवा.”

टेंभुर्णीच्या फाट्यावर चहा पिता पिता मी त्यांना म्हटलं, “नाना, नर ओळींची तपासणी इथून पुढं फक्त तुमची. तुम्ही हो म्हटल्याशिवाय कुठल्याच नेटमध्ये क्रॉसिंग सुरू होणार नाही. पण झाड उपटणार शेतकरी, तुमच्यासमोर, स्वतःच्या हातानं. अन् पोरांना काय बोलायचं ते नेटच्या बाहेर.”

नाना बराच वेळ बशीकडं बघत राहिले. “अन् तो मोबाइल?”

“मोबाइल पोरगं भरंल. तुम्ही नुसतं सांगायचं.”

“सांगतो की. ऐकायला कान पाहिजे.”

बदनापूरच्या कृषी महाविद्यालयातून आलेला एक मुलगा मी त्यांच्या गाडीवर मागं बसवला. त्यानं फॉर्म भरले आणि दोन हंगामांत झाडं ओळखायलाही शिकला. नानांनी त्याचं कौतुक कधी केलं नाही. तो जास्त पगारावर दुसऱ्या कंपनीत गेला तेव्हा म्हणाले, “ते जानारच होतं.” स्वभाव तसूभरही बदलला नाही. बदलला तो फक्त त्यांच्या कामाचा घेर. झाड शेतकऱ्यानं स्वतः उपटायचं ठरल्यावर बांधावरची भांडणं मात्र कमी झाली, कारण उपटण्याआधी नानांना ते झाड त्याला समजावून द्यावं लागायचं.

दुसऱ्या आक्का. जाफराबादकडच्या एका गावातल्या टोळीच्या त्या मुकादम. पंधरा-वीस बाया त्यांच्या शब्दावर येत आणि त्यांच्या शब्दावर थांबत. बाजाराच्या दिवशी पगार असायचा. आक्का हजेरीची वही मागून घ्यायच्या, अर्धा दिवस कुणाचा कमी लागला ते बोटं मोजून सांगायच्या, आणि हिशेब जुळेपर्यंत कुणाला उठू द्यायच्या नाहीत. सकाळी औषध फवारलेल्या नेटमध्ये त्याच दुपारी बाया घालायला त्यांनी एकदा साफ नकार दिला. शेतकरी ओरडला, आमचा असिस्टंट ओरडला. आक्का बाहेर निंबाखाली भाकरी सोडून बसल्या. “तुमच्या घरच्या बाया घाला मधी, मंग आमी येतो,” एवढंच बोलल्या. फवारणी झाल्यावर बायांनी लगेच आत जाऊ नये हे औषधाच्या डब्यावरही छापलेलं असतं. तरी आमच्या असिस्टंटच्या डायरीत त्या दिवशीची नोंद होती: ‘टोळी भांडखोर.’

तिसरा तो असिस्टंट. तरुण, नीटनेटका, गाडी पुसलेली, फॉर्म वेळेवर. कधी उलट बोलला नाही. “हो मॅडम”, “झालंय मॅडम”, “टेन्शन घेऊ नका मॅडम.” आढावा बैठकीत त्याच्या प्लॉटवर काहीच अडचण नसायची. शेतकऱ्यांशीही गोड. ऑफिसला तो फार आवडायचा.

मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस घराघरात पाहुणे, पुरणपोळी, सोळा भाज्यांचा स्वयंपाक. त्या दिवसांत बाई कामावर येत नाही, आणि यावं अशी अपेक्षाही कुणी करू नये. पण टोमॅटोला सण ठाऊक नसतो. ऐन क्रॉसिंगचा काळ तोच. खाड्याच्या दिवसांत कळ्या वाढतच राहतात. म्हणून सण संपल्यावर पहिलं काम असतं तोडणीचं: उमललेल्या, अर्धवट उमललेल्या, वय झालेल्या सगळ्या कळ्या आणि फुलं खुडून फेकायची आणि कोवळ्या कळ्यांपासून पुन्हा सुरुवात करायची. दोन-तीन दिवसांची फळं जातात, ती जाऊ द्यायची.

एका वर्षी आक्कांच्या टोळीनं काम केलेल्या नेटमधला माल आला, सुकला, पॅक झाला आणि नमुना जीओटीला, म्हणजे ग्रो-आउट टेस्टला गेला. नमुन्याचं बी पेरून उगवलेली रोपं वाणाबरहुकूम आहेत का हे तिथं रोप रोप तपासून बघतात. शंभरात दोन-तीन रोपं वेगळी निघाली तरी कंपनीच्या कपाळाला आठ्या पडतात. इथं त्याहून कितीतरी जास्त निघाली. माल नापास झाला. शेतकऱ्याची राहिलेली रक्कम अडकली. औषधांचं, मजुरीचं, जाळीचं देणं त्याच्या डोक्यावर राहिलं.

मी गावात गेले. आक्का चुलीपाशी होत्या. नापास झाल्याचं ऐकून त्यांना नवल वाटलं नाही.

“म्या तर त्यांला म्हनलं होतं, हे बेड तोडून टाका. फुलं पिवळी पडली व्हती. ते म्हनले, चिमटा घाला, फळं मोजायचीत.”

“मग मला काहून नाही सांगितलं आक्का?”

“तुमाला कसं सांगू? तुमचा नंबर त्यांच्यापाशी. अन् आमची हजेरी लिव्हनारे बी तेच.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. जो माणूस चूक झाकतोय, त्याच्याच हातात बाईचा रोज होता. शिवाय ऑफिसकडून असिस्टंटचं मूल्यमापन व्हायचं ते प्लॉटवर किती फळं धरली यावर. तोडणी केली की आकडा पडायचा, आणि आकडा पडला की बैठकीत उभं राहून कारण सांगावं लागायचं. गोड माणसाला नाही म्हणवत नाही, ना वरच्याला ना खालच्याला. मग तो ‘झालंय’ म्हणतो. त्याचा तो स्वभावच, आणि आमच्या व्यवस्थेनं त्या स्वभावाला बक्षीसही ठेवलेलं होतं.

त्याला मी ऑफिसात एकट्याला बोलावलं. आरडाओरडा केला नाही. सणानंतरच्या आठवड्यातल्या त्याच्या नोंदी समोर ठेवल्या. तोडणी झाल्याचं त्यानं लिहिलं होतं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मॅडम, तुम्ही रागवाल म्हणून.” खोटी नोंद हे बीजोत्पादनात क्षमा न करण्यासारखं आहे, ते मी त्याला स्पष्ट सांगितलं. तपासणीच्या कामावरून त्याला हटवलं आणि गोदामात आवक-जावकीवर बसवलं. तिथं पोतं मोजायचं असतं आणि काटा खोटं बोलू देत नाही. तिथं त्यानं चांगलं काम केलं. त्याला काढून टाका असं वरून सांगण्यात आलं होतं. मी नको म्हटलं. माणूस लबाड नव्हता. नाराजी सोसायची ताकद त्याच्यात नव्हती, आणि फील्डवर तर रोज कुणाची ना कुणाची नाराजी पत्करावीच लागते.

पुढं एका प्रशिक्षणात एमी एडमंडसन या हार्वर्डच्या बाईंच्या अभ्यासाबद्दल ऐकलं. 1990 च्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांतल्या परिचारिकांचे गट पाहिले. औषध देण्यातल्या चुका कुठल्या गटात कमी होतात ते शोधायला त्या गेल्या होत्या. दिसलं ते उलटंच: चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत चुकांच्या नोंदी जास्त होत्या. तिथली माणसं जास्त चुकत नव्हती, फक्त झालेली चूक सांगायला ती घाबरत नव्हती. प्रशिक्षणाच्या खोलीत बसलेल्या बऱ्याच जणांना हे कोडं वाटलं. मला आक्कांची चूल आठवली.

पुढच्या हंगामाआधी मी काही गोष्टी बदलून घेतल्या. हजेरी असिस्टंटकडून काढली. टोळीतलीच बारावी शिकलेली एक पोरगी वही लिहील आणि शेतकरी सही करील, असं ठरलं. तोडणी झालेल्या बेडचा हिशेब वेगळा ठेवायला ऑफिसला राजी केलं, म्हणजे त्या बेडच्या पडलेल्या आकड्याबद्दल असिस्टंटला जाब नको. ज्या बाईनं स्वतःहून ‘ही ओळ सुटली’ म्हणून सांगितलं, तिचा त्या दिवसाचा रोज पूर्ण. आणि प्रत्येक टोळीच्या मुकादमकडं माझा नंबर. शेवटच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त कुरकूर झाली. असिस्टंट म्हणाले, आता बाया आमच्यावर चुगल्या करतील. काही चुगल्या झाल्याही. दोन बायांचं गावात पाण्यावरून वैर होतं, त्यांनी एकमेकींच्या ओळींबद्दल तक्रारी सुरू केल्या. मग त्या नेटमध्ये ओळी नावानिशी वाटून दिल्या. जिची ओळ तिनं पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सांभाळायची. वैर तसंच राहिलं, कामात आलं नाही. माझं तेवढ्यावर भागलं.

महालक्ष्म्या झाल्यावर आक्कांचा फोन आला. “मॅडम, या जरा. अन् शेतकऱ्याला बी बोलवा.” दोन बेडवर फुलं उमलून गेली होती. शेतकरी तोडायला तयार नव्हता. हातातोंडाशी आलेली फळं कोण खुडणार? मी त्याला गेल्या वर्षीच्या नापास मालाचा कागद दाखवला आणि विचारलं, दोन बेड घालवायचे की सगळं नेट? त्यानं शिव्या दिल्या, आक्कांना दिल्या, मला थोड्या आडून दिल्या, आणि मग स्वतःच खुडायला लागला. त्या वर्षीचा माल पास झाला. शेतकरी आक्कांशी पुढं कितीतरी दिवस बोलला नाही. पास होण्याचं श्रेय आक्कांना कुणी दिलं नाही, कारण जी चूक होतच नाही ती कुणाला दिसत नाही. बाजाराच्या दिवशी त्यांनी हजेरीत अर्धा दिवस कमी लागल्यावरून पुन्हा वही ताणली. त्या दिवशी वही ताणणं मला आवडलं असं म्हणणार नाही. उशीर झाला, ऊन झालं, मला जालन्याला परत जायचं होतं. पण ज्या बाईला अर्ध्या रोजाचा हिशेब सोडवत नाही, तिला पिवळी पडलेली कळीही सोडवत नाही, हे मला पटलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या होत्या. त्यातली सोयीची तेवढी ठेवून गैरसोयीची काढून टाकता येत नव्हती.

यावरून कुणी असं समजू नये की जो तोंडानं फटकळ तो कामानं सोनंच असतो. एक असिस्टंट बायांशी घाणेरड्या भाषेत बोलायचा. काम त्याला उत्तम यायचं. त्याच्याबद्दल पहिली तक्रार खरी निघाली त्याच आठवड्यात त्याला फील्डवरून काढलं. गेल्यावर त्या नेटमधल्या बायांनी सांगितलं की तो असताना त्या चुका सांगतच नव्हत्या, कारण सांगायला गेलं तर त्याच्या तोंडाशी लागावं लागायचं. तो एकटा माणूस सगळ्या टोळीला गप्प करून बसला होता. नाना रागावून बोलायचे, पण त्यांच्यासमोर माणसं चुका कबूल करायची. हा बोलायला लागला की माणसं लपवायला शिकायची. कुणाचा आवाज मोठा आहे हे मी मग बघायचं सोडलं. त्याच्या आसपासची माणसं बोलतात की गप्प होतात, एवढंच बघायला लागले.

ऑफिसमधले नवीन एरिया इन्चार्ज मला विचारतात, तुमच्या पट्ट्यात कोण कोण अवघड आहे ते आधीच सांगून ठेवा. मी त्यांना उलटी यादी देते: गेल्या हंगामात ज्यांनी एकदाही अडचण सांगितली नाही त्यांची. त्यांच्या प्लॉटवर आधी जा, म्हणते. नाना आता निवृत्त झालेत, तरी नर ओळी बघायला एखादा शेतकरी त्यांना गाडीवर घेऊन येतो. आणि दर वर्षी महालक्ष्म्या बसायच्या आधी मुकादम, शेतकरी आणि असिस्टंट अशी एक बैठक मी लावते. सण संपल्यावर कुणाच्या नेटमध्ये किती बेड तोडावे लागतील ते तिथं आधीच बोलून घ्यायचं. ती बैठक शांततेत झाली तर मी सगळ्यांना परत बसवते.